सोलापूर ते पुणे सायकलनं, मदतनिधीसाठी : तयारी दुसऱ्या सकाळची करा

प्रश्न असा आहे : "वय ४४, जुळे सोलापुरात राहते, माध्यमिक शाळेत शिकवते. दोन वर्षं रोज सकाळी बारा-पंधरा किलोमीटर सायकल चालवते, साधी हायब्रिड आहे, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलीच्या मधली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमचा गट सोलापूरहून पुण्याला सायकलनं जाणार आहे, मधे इंदापूरला मुक्काम. खेड्यातल्या मुलींना शाळेला जायला सायकली घेऊन देण्यासाठी निधी जमवतोय. चाळीस किलोमीटरच्या पुढे मी कधी गेलेले नाही आणि सप्टेंबर संपत आलाय. जमेल का? नवी सायकल घ्यावी लागेल का? जिम लावू का? आणि लोकांनी पैसे दिल्यावर मधेच सोडावं लागलं तर तोंड कसं दाखवू?"

ताई, जमेल. दोन वर्षं न चुकता सायकल बाहेर काढणाऱ्या बाईकडे अठरा आठवडे असतील तर दोन दिवसांत अडीचशे किलोमीटर होतात. बरीच वर्षं मी आपल्याकडच्या लोकांची अशा लांबच्या फेऱ्यांसाठी तयारी करून घेते. ज्यांना जमत नाही त्यांच्या पायात बळ नव्हतं असं क्वचितच दिसतं. बैठक, पोट, झोप आणि घाई, यांतलं काहीतरी आडवं येतं.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची तयारी त्यावरच ठरते. निधीसाठीच्या फेरीत एक वेगळा धोका असतो. स्वतःच्या हौसेनं निघालेला माणूस गुडघा दुखायला लागला की थांबतो. पन्नास जणांकडून पैसे घेतलेला माणूस थांबत नाही. तो दुखरा गुडघा घेऊन आणखी साठ किलोमीटर रेटतो, आणि मग दोन महिने जिना चढताना कठड्याला धरतो. म्हणून देणगी किलोमीटरला बांधू नका. 'किलोमीटरमागे दहा रुपये' ऐकायला छान वाटतं, पण मग प्रत्येक किलोमीटर म्हणजे कुणाचं तरी देणं होऊन बसतं. ठरावीक रक्कम मागा, निघण्याआधी जमा होऊ द्या, आणि देणाऱ्याला सरळ सांगा की पैसे मुलींच्या सायकलींचे आहेत, मी पुण्याला पोचले नाही तरी ते तिकडेच जाणार. हे आधी मोकळेपणानं बोललं की तोंड दाखवायचा प्रश्नच उरत नाही.

साधी लेडीज सायकल पाच-सहा हजारांच्या घरात येते. 'एका मुलीची एक सायकल' असं मागितलं तर लोकांना आपला पैसा कुठं जातोय ते दिसतं. रक्कम स्वतःच्या खात्यावर घेऊ नका, नोंदणीकृत न्यासाच्या खात्यावर थेट जाऊ द्या. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि प्राप्तिकर सवलतीचं प्रमाणपत्र, दोन्ही डोळ्यांनी बघून घ्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, हे व्यापारी मंडळींना आधीच सांगून ठेवा. मुक्काम, जेवण, सोबतची गाडी यांचा खर्च गटानं आपापसांत वाटून घ्यावा. निधीला हात लावू नये, आणि तसं जाहीरही करावं.

आता सायकलकडे येऊ.

सोलापूर ते इंदापूर साधारण ११५ किलोमीटर. इंदापूर ते पुणे साधारण १३५. म्हणजे तुमचा मोठा दिवस दुसरा आहे. पहिला दिवस उत्साहावर निघतो, निरोपाला आलेले लोक असतात, हार असतात, फोटो असतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला लॉजच्या खोलीत जाग येते तेव्हा मांड्या जड झालेल्या असतात, मान आखडलेली असते, बैठकीची जागा हुळहुळत असते. स्नायूंमध्ये जे ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठलेलं असतं ते पहिल्या दिवशी बरंचसं खर्च होतं. नीट खाल्लं तरी ते पुरतं भरून यायला जवळजवळ चोवीस तास लागतात, आणि तुमच्या हाती बारा-तेरा तासच आहेत. त्या अवस्थेत सीटवर बसून पहिले वीस किलोमीटर शांतपणे काढता आले पाहिजेत. सगळी तयारी तेवढ्यासाठी करायची.

माझ्याकडे तयारीला आलेले बँकेतले एक गृहस्थ दर रविवारी नव्वद-शंभर किलोमीटर हसत करायचे, आणि सोमवार ते शनिवार सायकलला हात लावायचे नाहीत. मी सांगून पाहिलं, पण त्यांना रविवारच्या आकड्याचं समाधान पुरे होतं. फेरीच्या पहिल्या दिवशी ते सगळ्यांच्या पुढे होते. दुसऱ्या दिवशी सीटवर टेकले आणि कळवळून उठले. दुपारपर्यंत ते सोबतच्या गाडीत होते. शंभर किलोमीटर करायची त्यांची ताकद खरीच होती, पण लागोपाठ दोन दिवस बसायची सवय शरीराला कधी लावलेली नव्हती. म्हणून सांगते, एका रविवारी १२० करण्यापेक्षा शनिवारी ५० आणि रविवारी ७० केलेलं तुमच्या जास्त उपयोगाचं आहे.

वेगाची काळजी करू नका. ब्रेव्हे हा लांब पल्ल्याचा प्रकार जगभर चालतो. त्यात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, तेही खाणं, थांबे, पंक्चर सगळं धरून. ताशी पंधराही सरासरी पडत नाही. तुम्ही चालत्या सायकलवर ताशी सतरा-अठरा राखलात तर पहिला दिवस साडेसहा तासांचा आणि दुसरा साडेसात-आठ तासांचा, वर थांबे.

आठवड्यांचं म्हणाल तर ऑक्टोबरमध्ये फारसं काही बदलू नका. चार दिवस रोजचीच सकाळची फेरी, एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि रविवार थोडा थोडा वाढवत ४० वरून ५५ पर्यंत. आठवड्याची एकूण बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढू द्यायची नाही, आणि दर चौथ्या आठवड्यात ती एक तृतीयांशानं कमी करायची. हा कमी करायचा आठवडा लोक खातात, म्हणतात अंगात आहे तर का थांबू? पण श्वास आणि हृदय चार-सहा आठवड्यांत पुढे जातात, गुडघ्याचे अस्थिबंध आणि कंडरा, म्हणजे हाडं आणि स्नायू बांधून ठेवणारे दोर, मागून येतात. त्यांना गाठायला वेळ द्यायला हवा.

नोव्हेंबरपासून जोडदिवस सुरू करायचे. तुमची शनिवारची शाळा सकाळची, हे पथ्यावर पडणारं आहे. दुपारी जेवून तासभर पडा, साडेतीनला निघा, २५-३० किलोमीटर करून उजेडातच घरी या. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, हे लक्षात असू द्या. रविवारी पहाटे पुन्हा बाहेर, ६० पासून हळूहळू ७५ पर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत एकदा लागोपाठ ५० आणि ५० करून बघा. त्या दुसऱ्या पन्नासमध्ये तुम्हाला स्वतःबद्दल बरंच कळेल. डिसेंबरात शनिवार ३५-४०, रविवार ८०-९०, आणि नाताळच्या सुट्टीत पहिले शंभर. मग संक्रांतीच्या मागेपुढे सुट्टी साधून सगळ्यात मोठी जोडी, पहिल्या दिवशी १००, दुसऱ्या दिवशी ८०. फेरीला तेव्हा जेमतेम तीन आठवडे उरलेले असतील. त्यानंतर वाढ बंद.

"पण १३५ मी एकदाही केलेले नसतील!" असं तुम्ही म्हणाल. करायचेही नाहीत. ज्याला शंभर आणि दुसऱ्या दिवशी ऐंशी जमले, त्याला गटाबरोबर, सोबतच्या गाडीच्या आधारावर १३५ जमतात. घरच्या सरावात तेवढं ओढून थकवा साठवला तर तो उतरायला आठवडा-दीड आठवडा जातो आणि मधला सराव बुडतो.

रस्ते कुठले घ्यायचे? जुळे सोलापुरातून विजापूर रस्ता तुमच्या दारातला. टाकळीला भीमेच्या पुलापर्यंत जाऊन परत आलं की साधारण साठ होतात, रस्ता रुंद आहे. अक्कलकोट जाऊन-येऊन ऐंशी. मंगळवेढ्याच्या रस्त्याला तिऱ्हे, कामती, बेगमपूर अशी गावं टप्प्याटप्प्यावर आहेत, चहापाण्याला बरं पडतं. पुरता मंगळवेढा गाठलात तर ११० च्या आसपास. बार्शी रस्त्यावर नान्नजपर्यंतची सकाळ मला स्वतःला फार आवडते. माळढोक अभयारण्याचं ते मोकळं माळरान, थंडीत गवतावर पडलेलं ऊन आणि जवळजवळ रिकामा रस्ता. जाऊन-येऊन चाळीसच होतात, पण कमी करायच्या आठवड्यातला रविवार तिकडेच घालवा. तुळजापूर चढासाठी. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि तुळजापूर बालाघाटाच्या कडेवर, त्याहून दोनशे मीटर उंच. पुण्याच्या रस्त्यावर घाट नाही, तरी महिन्यातून एकदा तो चढ घ्या, गिअर कधी हलका करायचा ते तिथं हाताला कळतं. फक्त कोजागिरीच्या सुमारास तिकडे जाऊ नका. पायी जाणाऱ्या भाविकांची रीघ असते आणि वाहतूकही वळवलेली असते.

थंडीत आपल्याकडे वारा बहुतेक वेळा पूर्वेकडून येतो, म्हणजे पुण्याला जाताना पाठीशी असण्याची शक्यता जास्त. सरावात मात्र जाताना वारा तोंडावर घ्या, परत येताना पाठीवर. अक्कलकोट किंवा नळदुर्गची बाजू त्यासाठी बरी. समोरच्या वाऱ्यात वेग बघत बसू नका. श्वास बघा.

श्वासाचं एकच माप सांगते. चालवताना शेजारच्या बाईशी पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागली की वेग जास्त झाला. सरावातला बहुतेक वेळ याच बोलत्या वेगानं जायला हवा. आठवड्यातून एका सकाळी पाच-पाच मिनिटं जोर लावून तीन-चार वेळा चालवा, मधे तेवढीच विश्रांती, बस. पाय जड गिअरवर दाबत राहू नका. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. वीसच्या आसपास आला तर मिनिटाला ऐंशी फेरे झाले, ते उत्तम. आपल्याकडे 'मोठ्या गिअरवर दम लागतो म्हणजे व्यायाम होतो' असा समज आहे आणि त्यानं अनेक चांगले गुडघे वाया गेलेले मी पाहिलेत.

नवी सायकल घेऊ नका. आहे तीच हायब्रिड पुरे, पण ती तुमच्या मापाची करून घ्या. सीटची उंची आधी. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा वाक उरतो, तेवढाच हवा. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर बहुधा वर. बदल एका वेळी अर्धा सेंटिमीटर, आणि मग आठवडाभर त्यावरच चालवून बघायचं. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेची नस दबते आहे. हँडल थोडं उंच करा, दर दहा मिनिटांनी हातांची जागा बदला, कोपर सैल ठेवा.

सीट मऊ असली की त्रास कमी होतो असं वाटतं, पण जाड जेलचं कव्हर तासाभरानं रुततं आणि घासतं. बसल्यावर जी दोन हाडं टेकतात त्यांच्या रुंदीची, बेताची कडक सीट हवी. बायकांची ही हाडं बहुतेक वेळा जास्त अंतरावर असतात, त्यामुळे सायकलसोबत आलेली अरुंद सीट टोचते. खर्च करायचाच असेल तर सीटवर आणि दोन चांगल्या पॅडच्या शॉर्टवर करा. त्या शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. बऱ्याच जणी संकोचानं घालतात आणि शिवणीनं कातडं सोलून निघतं. वरून सैल ट्रॅकपँट घातली तरी चालते, उजव्या पायाला पट्टी बांधा म्हणजे चेनमध्ये जाणार नाही. घासायच्या जागी पेट्रोलियम जेली लावा. परत आल्याबरोबर कपडे बदला, ओल्या शॉर्टमध्ये चहा पीत बसू नका, फोडं त्यातूनच होतात.

जिम लावली नाहीत तरी चालेल. घरी आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं द्या : खुर्चीवर बसून उठणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कोपरांवर प्लँक, म्हणजे कोपर आणि चवड्यांवर अंग सरळ तोलून धरणं. आठ तास पुढे झुकून बसायला पायांपेक्षा कंबर आणि पोट जास्त लागतं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात करा. डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर, ईसीजी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. चाळिशीनंतर एवढा भार वाढवताना हे हवंच. हिमोग्लोबिनचं मुद्दाम सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. सराव नीट चाललाय, झोप होतेय, तरी चढावर धाप आणि दिवसभर मरगळ असेल तर वेळापत्रक बदलण्याआधी रक्त बघा. छातीत दाब, डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांतलं काहीही झालं तर त्याच क्षणी उतरायचं. पैसे कुणी किती दिलेत, हा विचार तिथं मनात आणायचा नाही.

आता खाणं, आणि इथं आपण सोलापूरकर नशीबवान आहोत. सायकलवर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जायला हवी, आणि तीही भूक लागायच्या आधी. मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतं. एक केळं आणि एखादा राजगिऱ्याचा लाडू, की तासाचा हिशेब जुळतो. आपली शेंगापोळी तर लांबच्या फेरीसाठीच केल्यासारखी आहे. गूळ आहे, पीठ आहे, दोन दिवस टिकते, खिशात मावते, उन्हात वितळून हाताला चिकटत नाही. चार तुकडे करून कागदात गुंडाळा आणि दर अर्ध्या तासानं एक खा. नुसत्या शेंगदाण्यांवर मात्र राहू नका. त्यात तेल जास्त, पचायला वेळ लागतो, पायाला ताकद उशिरा मिळते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी थांब्यावर बसून खायला चांगली, मीठही जातं पोटात. पण तिखट बेतानं, सायकलवर पुढे झुकलं की जळजळ वर येते. उकडलेला बटाटा मीठ लावून डब्यात ठेवला तर गोड खाऊन कंटाळलेल्या तोंडाला बरं वाटतं. ढाब्यावरची तर्रीदार मिसळ, भजी, वडे पुण्यात पोचल्यावर. भिगवणचे मासेही परत कधीतरी जाऊन खा.

जे फेरीत खाणार तेच सरावात खायचं. पोटालाही सराव लागतो.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. ऊन चढलं की त्यात ओआरएस. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच घाला. अर्ध्या लिटरमध्ये घातली तर पाणी फार खारट होतं आणि उलटी होते. तुमचा घाम किती जातो ते घरीच कळतं. रविवारी निघताना आणि आल्यावर वजन करा. एक किलो कमी म्हणजे प्यालेल्याखेरीज आणखी साधारण एक लिटर पाणी गेलं. वजन वाढलं असेल तर तुम्ही नुसतं पाणी जास्त प्यायलात, आणि तेही धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होतं. फेब्रुवारीत दुपारचा पारा तिशीच्या वर जातो. ऑक्टोबरच्या उन्हात सराव केलेला असला तरी डिसेंबरातल्या गार सकाळींनी शरीर ते विसरतं. म्हणून जानेवारीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत दोन-चार दिवस मुद्दाम दुपारी बारानंतर तासभर हळू चालवा. उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला दहा-बारा दिवस लागतात.

आणि एक, ज्यावर बायका बोलत नाहीत. लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणी कमी पिणं. शाळेत तासांमागून तास घेताना ही सवय लागलेलीच असते. सायकलवर आठ तास असं केलं तर मूत्रमार्गाचा संसर्ग आणि उन्हाचा झटका दोन्हींना आमंत्रण. राष्ट्रीय महामार्गावर पेट्रोल पंप आणि टोलनाके बऱ्यापैकी अंतरांवर आहेत. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस हे नाके लक्षात ठेवा आणि थांबे त्यांवर बेतून घ्या. गटाच्या बैठकीत हा विषय तुम्हीच काढा. पुरुष मंडळी थांबे चहावर ठरवतात. लघवी पिवळीजर्द झाली की पाणी कमी पडतंय, एवढी खूण पुरे. पाळीचे दिवस फेरीत येणार असतील तर सरावात त्या दिवसांतही एखादा रविवार काढून बघा, काय घालायचं आणि किती वेळानं बदलायचं ते आधी कळलेलं असतं.

रस्त्याचं मी मनापासून आणि जरा जास्तच सांगणार आहे. तुमचा बहुतेक सराव उसाच्या हंगामात येतोय. साधारण नोव्हेंबरपासून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर या पट्ट्यात दिवसरात्र चालू असतात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला असतो, मागे दिवा बहुतेकांना नसतो, आणि मागची ट्रॉली वळताना आत घेते. त्यांच्या आडोशाला राहून वारा चुकवायचा मोह अजिबात नको. पुढे जायचं तर उजवीकडे मोकळी जागा आणि मागे आरसाभर रिकामा रस्ता दिसल्यावरच. हेल्मेट, दिवसाही चालू ठेवलेला मागचा लाल दिवा, फिकट चमकता रंग. अंधारात महामार्गावर नाही म्हणजे नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. साडेसहाला उजाडलं की निघायचं, 'चारलाच निघू, ऊन टाळू' असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. उजनीच्या पाण्याकडच्या पट्ट्यात थंडीत धुकंही असतं.

पंक्चर होणारच. आपल्याकडे बाभळीचा काटा, आणि महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रक-टायरांतून पडलेल्या बारीक तारा. तार इतकी बारीक असते की ट्यूब बदलून दहा मिनिटांत पुन्हा हवा जाते. टायर आतून बोटानं नव्हे, कापडाच्या बोळ्यानं फिरवून तपासा, जिथं धागा अडकेल तिथं तार. दोन ट्यूब, टायर उचकटायचे लिव्हर, छोटा पंप आणि पॅच जवळ हवेत, आणि मागचं चाक काढून ट्यूब बदलणं तुम्हाला स्वतःला आलं पाहिजे. घरी चार वेळा करा, रस्त्यावर हात आपोआप चालतात.

शेवटचे दोन आठवडे. अंतर आधी निम्म्यावर, मग त्याहून कमी, पण सायकलवर बसायचे दिवस तेच, आणि मधे एखादा जोराचा तुकडा असू द्या. या दिवसांत पाय विचित्र जड वाटतात, मन म्हणतं सराव कमी पडला. घाबरून शेवटच्या रविवारी ऐंशी मारू नका. झोप वाढवा. नवी सीट, नवे बूट, नवं खाणं, यांतलं काही आता नाही.

इंदापूरला पोचल्यावरचे दोन तास फार मोलाचे. पोचल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पोटात जाऊ द्या, दूध-केळी किंवा पोहे चालतील. मग अंघोळ, कोरडे सैल कपडे, पाय भिंतीला टेकवून पंधरा मिनिटं. लवकर जेवा : भात, वरण, पोळी, दही. सत्कार-भाषणं ठेवलीच असतील तर साडेसातपर्यंत संपवा असं संयोजकांना आत्ताच सांगून ठेवा. नऊला दिवा बंद. सकाळी कितीही आखडलेलं वाटलं तरी निर्णय लॉजच्या खोलीत घेऊ नका. हलक्या गिअरवर, बोलत, पहिले वीस किलोमीटर अगदी हळू काढा. बहुतेकांचं अंग तेवढ्यात सुटतं. भिगवणपर्यंत, म्हणजे साधारण पस्तीस किलोमीटरनंतरही गुडघ्यातली कळ वाढतच असेल तर तिथं थांबायचं, आणि ते सोबतच्या गाडीवाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं. कळ नसेल तर पाच मिनिटं उजनीच्या पाण्याकडे बघा. थंडीत तिथं रोहित पक्षी येतात. पुढे यवत, उरुळी कांचन आणि हडपसरची गर्दी. शेवटच्या पंचवीस किलोमीटरमध्ये थकव्यापेक्षा वाहतूक जास्त त्रास देते, तिथं गटानं एका रांगेत आणि सावकाश जावं.

येत्या रविवारी फार काही नको. पहाटे निघून मंगळवेढा रस्त्यानं जा, वीस किलोमीटर झाले की चहा घ्या आणि परत फिरा. जाताना-येताना गुडघ्याचे फेरे मोजा, दर अर्ध्या तासानं काहीतरी खा, आल्यावर वजन करा. मग मला तीन गोष्टी कळवा : सीटच्या वरच्या कडेपासून पेडलच्या मधल्या दांड्यापर्यंतचं अंतर, टायरवर छापलेली रुंदी, आणि सोमवारी सकाळी नेमकं कुठं दुखतंय ते. त्यावरून सीट आणि हवेचा दाब किती ठेवायचा ते सांगते, आणि नोव्हेंबरचे आठवडे तुमच्या शाळेच्या वेळापत्रकाशी जुळवून देते.